विकलेल्या वस्तूवरील स्वामित्व

एखादी वस्तू मूल्य घेऊन दुसऱ्याच्या हवाली केल्यानंतर तिच्यावर निर्मात्याचा कोणता अधिकार शिल्लक राहतो, हा स्वामित्वविषयक विचारातील मूलभूत प्रश्न आहे, आणि मोबाइल फोनमधून केल्या जाणाऱ्या स्पर्शरहित देयकांनी तो आज अत्यंत व्यावहारिक रूपात पुढे आणला आहे. ग्राहक दुकानातील यंत्राजवळ फोन नेतो आणि पैसे दिले जातात, ज्याला बोलण्यात ‘टॅप करून पैसे देणे’ म्हणतात, त्यामागे एनएफसी, म्हणजे निअर फील्ड कम्युनिकेशन, हे तंत्र असते, १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओलहरींद्वारे फोन आणि यंत्र जेमतेम काही सेंटिमीटर अंतरावरून परस्परांशी माहितीची देवाणघेवाण करतात. त्यासाठी लागणारी चिप आणि अँटेना फोनमध्येच असतात व फोन ग्राहकाने विकत घेतलेला असतो. तरीही त्या अँटेनाचा उपयोग कोणत्या ॲपने करावा हे फोन बनवणाऱ्या कंपनीने ठरवावे काय, आणि तो मार्ग प्रतिस्पर्ध्यांना खुला करणे हे तिचे कर्तव्य ठरते की केवळ औदार्य, असा हा वाद आहे.

त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ॲपल कंपनीचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत ‘ॲपल पे’ सुरू झाले तेव्हापासून आयफोन टॅप करून पैसे देण्याचा मार्ग कंपनीच्या स्वतःच्या वॉलेटमधूनच जात असे. बँकेला आपले कार्ड त्या वॉलेटमध्ये ठेवता येई, परंतु स्वतःच्या ॲपमधून ग्राहकाला तशी सोय देता येत नसे. क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे कंपनी कार्ड देणाऱ्या बँकेकडून ०.१५ टक्के घेते, असे अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२४ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात म्हटले आहे. युरोपीय आयोगाने जून २०२० मध्ये चौकशी सुरू केली, मे २०२२ मध्ये आपले आक्षेप कळवले आणि ११ जुलै २०२४ रोजी कंपनीने देऊ केलेली वचने कायद्याने बंधनकारक केली. त्यांनुसार युरोपीय आर्थिक क्षेत्रातील इतर वॉलेटांना हा मार्ग दहा वर्षे विनामूल्य मिळायचा आहे. कंपनीने कायदा मोडला असा निर्णय मात्र आयोगाने दिला नाही, आणि त्यामुळे व्यवहार मिटला तरी तत्त्वाचा प्रश्न अनिर्णित राहिला.

स्वत्वाची, म्हणजे ‘ही वस्तू याची’ असे ज्या संबंधामुळे म्हणता येते त्या संबंधाची, भारतीय परंपरेतील चिकित्सा या ठिकाणी विशेष उपयोगी पडते. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिलेल्या आणि महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रमाण मानल्या गेलेल्या ‘मिताक्षरा’ या टीकेत विज्ञानेश्वराने स्वत्व लौकिक आहे, शास्त्रवचनातून उत्पन्न होणारे नाही, असे प्रतिपादिले. शास्त्राचा गंधही नसलेले सीमेवरचे लोक खरेदी-विक्री करतात आणि विकत घेतलेली वस्तू आपली झाली असे मानतात, हा त्याच्या प्रतिपादनाचा एक प्रमुख आधार होता. बंगालचा नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणी याने पुढे अधिक अवघड प्रश्न विचारला. स्वत्व म्हणजे यथेष्ट विनियोगाची, अर्थात वस्तू इच्छेनुसार वापरण्याची, योग्यता होय, ही व्याख्या त्याने नाकारली, कारण दुसऱ्याचे अन्नही खाता येतेच; तसे खाण्यास शास्त्राचा निषेध आहे असे म्हणावे, तर ‘परक्याचे घेऊ नये’ हे सांगणाऱ्या निषेधातच परकेपण, म्हणजे दुसऱ्याचे स्वत्व, आधीच गृहीत धरलेले असते. म्हणून स्वत्व हा स्वतंत्र पदार्थ, अन्य कशातही न विरघळणारी मूळ कोटी, मानला पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता.

या दोन विचारांच्या प्रकाशात आयफोनची स्थिती पाहिली तर एक विलक्षण विभागणी दिसते: ग्राहकाकडे स्वत्व आहे पण यथेष्ट विनियोग नाही, आणि कंपनीकडे विनियोगाचे नियंत्रण आहे पण स्वत्व नाही. संगणक आज्ञावलीच्या बळावर कंपनी अँटेना बंद ठेवू शकते ही वस्तुस्थिती तिचा अधिकार सिद्ध करत नाही; दुसऱ्याचे अन्न खाता येते एवढ्यावरून ते आपले ठरत नाही, हेच रघुनाथाने दाखवले होते. यावर कंपनीच्या बाजूने सांगितले जाईल की फोन विकला असला तरी त्यातील आज्ञावली विकलेली नाही, तिच्या वापराचा केवळ परवाना दिलेला आहे. हे कायद्याच्या भाषेत खरे असले तरी, विकत घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या लौकिक समजुतीत जी वस्तू पूर्ण मूल्य देऊन हस्तांतरित झाली, ती परवान्याच्या पाठांतून अर्धी परत घेणे म्हणजे लोकव्यवहाराच्या वर कराराच्या अक्षरांना शास्त्राची जागा देणे होय, आणि विज्ञानेश्वराने नेमके तेच अमान्य केले होते.

कंपनीच्या बाजूचा बळकट युक्तिवाद वेगळाच आहे, आणि तो रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या १९७४ सालच्या ग्रंथात सापडतो. वाळवंटातील एकुलता एक पाणवठा कोणी ताब्यात घेऊन वाटेल ते मोल मागू शकत नाही, असे नोझिक मान्य करतो. परंतु सहज मिळणाऱ्या द्रव्यांपासून ज्याने नवे औषध तयार केले, त्याने ते नाकारल्याने कोणाची स्थिती पूर्वीपेक्षा वाईट होत नाही, कारण त्याच्याविना ते औषध अस्तित्वातच नसते. आयफोनमधील देयकव्यवस्था पाणवठ्यासारखी की औषधासारखी, यावर सर्व काही अवलंबून राहते. सिक्युअर एलिमेंट, म्हणजे कार्डाची गुप्त माहिती इतर भागांपासून अलग ठेवणारी सुरक्षित चिप, बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आणि हे सारे एका हालचालीत जुळवणारी रचना ही कंपनीची निर्मिती आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. परंतु टॅप करण्याला मोल येते ते समोर यंत्र असते म्हणून; ती यंत्रे दुकानदारांनी आणि बँकांनी बसवली, त्यांचे मानक आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठरवले, आणि एनएफसीचा पाया फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी घातला. कंपनीने औषध बनवले असेल, पण ती बंद करते आहे तो रस्ता अनेकांनी मिळून बांधलेला आहे. शिकागोच्या धान्यकोठारांचे दर ठरवण्याचा इलिनॉय राज्याचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७७ मध्ये मान्य केला तो याच भूमिकेतून, की जी खासगी मालमत्ता सर्वांच्या व्यापाराच्या वाटेवर उभी राहून प्रत्येकाकडून मोबदला घेते ती पूर्णार्थाने खासगी राहत नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. पैशाचा मार्ग खुला करणे म्हणजे चोरांनाही वाट दाखवणे होऊ शकते, आणि ज्याने फोन बनवला त्याच्यावर ग्राहकाचा विश्वास असल्यामुळे रक्षणाचे कर्तव्य त्याच्याकडेच येते. तरीही अँड्रॉइड फोनमध्ये २०१३ पासून होस्ट कार्ड एम्युलेशन, म्हणजे सुरक्षित चिपऐवजी ॲपनेच कार्डाची भूमिका पार पाडण्याची पद्धत, उपलब्ध आहे, आणि कंपनीने युरोपात खुली केली तीही हीच पद्धत. तेव्हा हा धोका अटी घालून सांभाळता येण्याजोगा आहे. शिवाय रक्षकाचा अधिकार रक्षणाच्या हेतूएवढाच असतो. जी परीक्षा इतरांच्या ॲपला द्यावी लागते तीच स्वतःच्या ॲपलाही लावली, तर ती सुरक्षितता ठरते. केवळ इतरांना लावली, तर तो मक्ता ठरतो. टक्केवारीने घेतलेला मोबदलाही याच कसोटीवर उतरत नाही, कारण दहा डॉलरच्या आणि हजार डॉलरच्या व्यवहारात चिपचे काम सारखेच असते. सुरक्षित चिपच्या देखभालीचा प्रत्यक्ष खर्च मागणे न्याय्य आहे, परंतु व्यवहाराच्या रकमेत भाग मागणे हा जकातीचा प्रकार आहे.

खुलेपणा मागणारे सर्वच निःस्वार्थ असतात असे समजण्याचेही कारण नाही. ऑस्ट्रेलियातील कॉमनवेल्थ, वेस्टपॅक आणि नॅशनल ऑस्ट्रेलिया यांसारख्या बलाढ्य बँकांनी ॲपलशी एकत्रितपणे वाटाघाटी करण्याची व त्या काळात तिच्या वॉलेटवर बहिष्कार टाकण्याची परवानगी मागितली, तेव्हा तेथील स्पर्धा आयोगाने मार्च २०१७ मध्ये ती नाकारली. लाभापेक्षा हानीची शक्यता त्याला अधिक वाटली. हा निर्णय बँकांच्या मार्गाविषयी होता, आणि त्यावरून ग्राहकाचा हक्क नाहीसा होत नाही. मार्ग खुला करण्याचे कर्तव्य प्रतिस्पर्धी बँकेप्रती नाही, तर ज्याने फोन विकत घेतला त्याच्याप्रती आहे, आणि बँकेला मिळणारा प्रवेश हा त्या कर्तव्याचा केवळ परिणाम आहे. ही गोष्ट नजरेआड झाली की संपूर्ण वाद दोन श्रीमंतांमधील वाटणीचा होऊन बसतो.

खुले करण्याचे योग्य रूप कोणते, याचेही उत्तर धर्मशास्त्रातील एका भेदात मिळते. दान आणि उत्सर्ग यांत फरक केला जातो: दानात स्वत्व सोडून ते विशिष्ट व्यक्तीला दिले जाते, तर तळे किंवा विहीर खोदणारा उत्सर्ग करतो तेव्हा तो ती सर्व प्राणिमात्रांसाठी सोडतो, आणि त्यानंतर स्वतः तेथे स्नान केले तरी ते मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून करतो. उत्सर्ग स्वेच्छेचा आणि युरोपातील वचन नियामकाच्या दबावाखालचे, हा भेद मोठा आहे. तथापि निर्मात्याच्या पुढील स्थानाचे हे वर्णन दोहोंना लागू पडावे, अशी अपेक्षा ठेवणे योग्य आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया आदी देशांतही सुरक्षित चिप इतरांना वापरू देण्याचे जाहीर केले, परंतु करार आणि शुल्क यांच्या अटीवर. निवडक पक्षांना देणे हे त्याचे स्वरूप असल्याने ते दानाच्या जवळचे आहे, उत्सर्गाच्या नव्हे.

भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने हा प्रश्न निराळ्या टोकाकडून हाताळला: मार्ग एका सामाईक संस्थेने बांधला आणि एका दुकानातील क्यूआर कोणत्याही ॲपने वाचता यावा अशी रचना ठेवली. तरीही यूपीआयचे बहुतांश व्यवहार आज दोनच कंपन्यांच्या ॲपमधून होतात. दार उघडे असले म्हणून गर्दी समान वाटली जातेच असे नाही. परंतु ज्याला दुसऱ्या दाराने जायचे आहे त्याला कोणी अडवत नाही, आणि स्वामित्वाच्या दृष्टीने एवढेच मागणे रास्त आहे.

म्हणून फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी हा मार्ग सर्वांना खुला करावा, सुरक्षिततेच्या अटी स्वतःलाही लागू कराव्यात आणि व्यवहाराच्या रकमेवर हक्क सांगू नये, हाच निर्णय स्वत्वाच्या विचारातून निघतो. युरोपातील बंधन तीस देशांपुरते आहे आणि ते २०३४ मध्ये संपते. विकत घेतलेल्या फोनवरील ग्राहकाचे स्वत्व मात्र कोणत्याही मुदतीने बांधलेले नाही.