बाजारात न आलेलं घर



आज चिंतनाला तुकोबांचा धन जोडण्याबद्दलचा अभंग घेतलाय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. धन मिळवू नका असं महाराज म्हणत नाहीत. चांगल्या व्यवहाराने मिळवा, एवढंच सांगतात. चांगला व्यवहार म्हणजे चोरी नाही, खोटं नाही, असा अर्थ मी शाळेपासून घेत आलो. मागच्या महिन्यात तो पुरेना.

आमचं गाव टेंभुर्णी. पुणे-सोलापूर हायवेवर, जिथून पंढरपूरला रस्ता फुटतो. मी पुण्यात नोकरीला. गावाकडच्या एका एजंट मित्राचा फोन आला. "दादा, एक घर आहे. अजून कुणाच्या कानावर नाही. बोर्ड लागायच्या आत उचला की." एमआयडीसीतल्या कामगारांना भाड्याने देता येईल, हे गणित मी फोन ठेवायच्या आधीच केलं होतं.

घर आमच्याच गल्लीतल्या काकूंचं. काका गेले, मुलगा बंगळुरूला, आता त्याही तिकडे निघाल्या. त्यांनी 28 लाख सांगितले. सवयीने मी नोंदणी विभागाच्या साइटवर आसपासचे इंडेक्स टू पाहिले. मागच्या गल्लीत, साधारण तेवढंच घर, चार महिन्यांपूर्वी 37 लाखांना गेलेलं. (तोही कागदावरचा आकडा!)

मी काही लपवलं नव्हतं. साइट सगळ्यांना खुली, भाव त्यांनीच सांगितलेला. पुण्यात बिल्डर प्री-लॉन्चच्या नावाने बुकिंग घेतो तेव्हा निदान 2016 चा रेरा कायदा आडवा येतो. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरातसुद्धा चालत नाही, कारण तिथे घेणारा अंधारात असतो. इथे अंधारात होत्या विकणाऱ्या काकू, आणि त्यांना बाजारभाव सांगायची सक्ती माझ्यावर कुणाचीच नव्हती. पण मग ते 9 लाख मी कशाचे कमावणार होतो? घराचे तर नाही. काकूंना साइट बघता येत नाही, त्याचे.

रोमचा सिसरो आपल्या मुलासाठी लिहिलेल्या कर्तव्यावरच्या पुस्तकात स्कायव्होला नावाच्या माणसाची गोष्ट सांगतो. हा शेत घ्यायला गेला, मालकाला म्हणाला, एकदाच काय तो भाव सांग. भाव ऐकला आणि म्हणाला, मला तर जमीन याहून मोलाची वाटते. स्वतःहून 1 लाख सेस्टर्स जास्त दिले. लोक म्हणत, माणूस चांगला, पण शहाणा नव्हे. आमचा एजंटही हेच म्हणाला असता.

आणि तुकोबा तर स्वतः दुकानदार. सावकारीचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले असं परंपरा सांगते. ते कागद खोटे नव्हते हो. पैसे खरंच येणं होते. हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं.

शनिवारी गावी गेलो, काकूंना मोबाइलवर तो इंडेक्स टू दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "मग तू कितीला घेतोस बाळा?" म्हणाल्या. माझं लोन धरून 33 च्या पुढे जात नव्हतं, तसं सांगितलं. "मुलाला विचारते."

घर पंधरा दिवसांनी अकलूजच्या कुणीतरी 38 ला घेतलं. एजंट मित्र अजून फोन उचलत नाही. आई म्हणाली, "मनाला लागलं का रे?" लागलं. हप्त्यांची एक्सेल फाइल अजून लॅपटॉपवर आहे, डिलीट करवत नाही.