म्हाताऱ्या कुत्र्याची भाकर

आंबिवली असो की दुसरे गाव, घर राखणारे कुत्रे म्हातारे झाले म्हणजे त्यास दूर नेऊन सोडणारे आढळतात. ‘माणसांस पुरेना, तेथे निकामी कुत्र्यास काय घालावे?’ असे ते विचारतात. प्रश्न पोटाचा आहे. त्यास हसू नये. परंतु वाद जुना आहे. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारू लागले, तेव्हा पारशी लोकांनी दंगा केला. १८३४ साली जमशेटजी जिजीभाई इत्यादिकांनी पांजरपोळाची स्थापना केली.

ज्याने वर्षानुवर्षे रात्री जागून काढल्या, त्याची भाकर भिक्षा नव्हे, थकलेली मजुरी आहे. मग दुसऱ्याने टाकलेले आजारी कुत्रे? त्याचे आपण काही लागत नाही, हे खरे. तरी जो त्यास घरी आणितो तो, आमच्या मते, शेजाऱ्याचे कर्ज फेडितो. पिसाळल्याची शंका असल्यास मात्र हात न लावता जनावरांच्या दवाखान्यास कळवावे. दात गेलेल्यास भात पेजेत कालवून द्यावा.