सहीतलं कुलकर्णी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

बँकेत तुझं पहिलं खातं उघडलंस, त्या अर्जाचा फोटो पाहिला. साठवायची बुद्धी तुला उपजतच आहे, ते मी सांगायला नको. पण बाळा, सहीत नाव मोत्यासारखं आणि आडनावाची मात्र नुसती रेघ! पहाटे उठून देवापाशी दिवा लावला तरी ती रेघ डोळ्यांपुढून हलेना, म्हणून लिहायला बसले.

मी तर लग्नानंतर कुलकर्णी झाले. तुझ्या पणजोबांनी पहिल्याच दिवाळीत ट्रंकेतला लाल रुमाल सोडून दाखवला, आत मोडीतले कागद. मोडी म्हणजे हात न उचलता भरभर लिहायची लिपी, तरी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरं मांडी. शाई वाळावी म्हणून वर वाळू टाकत; तिचे कण अजून घडीत सापडतात, बोटाला लागतात.

आपलं आडनाव म्हणजे मुळात एक काम, गं. पाटलानं शेतसारा गोळा करायचा, आणि कुणाचं शेत किती, कुणाची बाकी किती, हे कुलकर्ण्यानं लिहून ठेवायचं. एक आकडा चुकला तर एखाद्या गरिबाच्या डोक्यावर नसलेली बाकी बसायची. गावोगावचे हे कुलकर्णी, म्हणून ते सगळे एका घराण्याचे नव्हेत की एका जातीचेही नव्हेत; पार धारवाडकडेही कुलकर्णी आहेत. समर्थ रामदासांचं आडनाव ठोसर, पण घराणं जांबच्या कुलकर्ण्यांचं. आपेगावचं कुलकर्णीपण ज्ञानोबांच्या घरी होतं, हे आठवलं की माझे हात आपोआप जुळतात. १९५० च्या कायद्यानं कुलकर्णीपणाची ही पिढीजात वतनं गेली, आडनाव तेवढं उरलं. आणि कृ. पां. कुलकर्ण्यांनी तर १९४६ साली ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ देऊन शब्दांचीच मुळं नोंदवून ठेवली. एकेका शब्दापाशी किती थांबावं लागलं असेल त्यांना!

तुझ्या मनाची मला काळजी नाही, धांदलीची तेवढी वाटते. पुढच्या अर्जावर चारही अक्षरं लिही, दोन क्षण जास्त लागतील.

दिवाळीला आलीस की रुमाल सोडू. गाठ मात्र ओढू नकोस हं, कापड फार विरलंय.

तुझी,
आजी