दुसरा जोड

जून जवळ आला की आमच्या महिला मंडळात एक विषय ठरलेला असतो. गरजू मुलांना गणवेश द्यायचे. किती द्यायचे, कोणत्या शाळेत द्यायचे, फोटो कुणी काढायचा. यंदाही बैठक झाली. जमलेल्या पैशांचा हिशेब झाल्यावर एक मैत्रीण म्हणाली, "प्रत्येकाला दोन-दोन देण्यापेक्षा एकेकच देऊ या ना. तेवढ्याच पैशांत दुप्पट मुलांना मिळेल." गणित अगदी बरोबर होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले आणि घरी येईपर्यंत गप्पच राहिले. मला नरोलीतला एक ओला स्कर्ट आठवत होता.

माझं बालपण नरोलीतलं. सिल्वासाहून भिलाडला जाताना हे गाव लागतं. पोर्तुगीजांच्या ताब्यातून 1954 साली आधी दादरा सुटलं, मग 28 जुलैला नरोली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. त्या लढ्यात महाराष्ट्रातून गेलेल्या तरुणांत गायक सुधीर फडकेही होते. "सिल्वासाच्या आधी आम्ही सुटलो," असं गावातले म्हातारे मोठ्या तोऱ्यात सांगत. आमच्या वडिलांचं तिथे कापडाचं छोटं दुकान होतं. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी गुजराती, आणि वर्गातल्या निम्म्या मुली आपसात वारली बोलायच्या. तिन्ही भाषा कानावर पडत मी मोठी झाले.

शाळेचा ड्रेस म्हणजे फिका निळा शर्ट आणि गडद निळा स्कर्ट. त्याचं कापड आमच्याच दुकानातून जायचं. मला तो ड्रेस फार आवडायचा, आणि गणवेशाची पद्धत आजही मला चांगलीच वाटते. तो नसता तर कापडवाल्याची मुलगी म्हणून मी रोज वेगळा फ्रॉक घालून मिरवले असते आणि बाकीच्या मुलींना ते रोज बघावं लागलं असतं. ड्रेसमुळे माझ्या मिरवण्याला आपोआप आळा बसला. अपरिग्रहाचा पहिला धडा मला शाळेच्या शिंप्याने दिला, असं मी गमतीने म्हणते.

पण आमचे ड्रेस रंगाने सारखे असले, तरी कापडाने सारखे नव्हते. माझा टेरीकॉटचा होता. तेव्हा टेरीकॉट महाग असे. ते पिळलं की निम्मं वाळायचं, आणि उरलेलं आई कोळशाच्या इस्त्रीने वाळवायची. शिवाय माझे दोन जोड होते. माझ्या शेजारी बसणाऱ्या वारली मुलीचा एकच जोड होता, तोही जाड सुती. ज्या घरात कपडे लवकर वाळण्याची गरज जास्त, त्याच घरात उशिरा वाळणारं कापड जायचं. दुकानात बसून हे मी रोज पाहत होते, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं.

1978 चा पावसाळा. मी सातवीत होते आणि वर्गाची मॉनिटर होते. दर सोमवारी प्रार्थनेच्या वेळी ड्रेस न घालता आलेल्यांची नावं वहीत लिहायची, हे माझं काम. दमणगंगेच्या त्या पट्ट्यात जुलैचा पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही. रविवारी धुतलेला सुती स्कर्ट सोमवारी वाळणं शक्यच नसायचं. ती विटक्या फ्रॉकमध्ये आली. मी तिचं नाव लिहिलं. तिला व्हरांड्यात उभं केलं. पुढच्या सोमवारी ती ओलाच स्कर्ट घालून आली. तास संपल्यावर आम्ही उठलो, तेव्हा बाकावर तिच्या जागी पाण्याचा डाग उमटला होता.

मग 2 ऑगस्ट आला, मुक्तिदिन. त्या दिवशी प्रभातफेरी निघायची आणि पूर्ण ड्रेस असेल त्यालाच रांगेत घ्यायचे. आदल्या दिवशी ती ओढ्यात घसरून पडली होती, तिचा स्कर्ट चिखलाने माखला होता. सकाळी ती पुन्हा विटक्या फ्रॉकमध्येच आली. रांगेबाहेर उभी राहून तिने आम्हाला जाताना पाहिलं. नरोलीच्या मुक्तीच्या घोषणा मी सगळ्यांत मोठ्याने देत होते.

संध्याकाळी दुकानात बसून मी वडिलांना सांगितलं, "दादा, आज मी सात जणींची नावं लिहिली. गुरुजी म्हणाले, मॉनिटर असावी तर अशी." वडिलांनी नावं विचारली. मी घडाघडा सांगितली. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी उधारीची वही काढली, पानं उलटली आणि माझ्यासमोर ठेवली. माझ्या सातांपैकी पाच मुलींच्या बापांची नावं त्या वहीत होती. ड्रेसच्या एका जोडाचं कापड, बाकी अमुक रुपये. "तुझी वही आणि माझी वही एकच आहे, बेटा," एवढंच ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

त्या दोन वह्यांवर मी गेली कित्येक वर्षं विचार करते आहे. मी काय चुकले? खोटं तर लिहिलं नव्हतं. तिने ड्रेस घातला नव्हता, हे खरंच होतं. आपल्या पाच व्रतांत अहिंसा पहिली आणि सत्य दुसरं आहे. हा क्रम उगाच नाही. ज्या बोलण्याने जिवाला पीडा होते ते घडलेल्या गोष्टीशी जुळत असलं तरी असत्यातच जमा, असं आपल्या आचार्यांनी सांगून ठेवलं आहे. लहानपणी मला ही पळवाट वाटायची. खरं ते खरंच की!

मग मी तिचं नाव गाळायला हवं होतं का? तेही मला पटत नाही. मैत्रीण म्हणून तिला सोडायचं, तर उरलेल्या सहा जणींचं काय? मला वाटतं, माझी चूक वेगळीच होती. मी नाव लिहिलं, कारण लिहिलं नाही. त्या वहीत नावाचा रकाना होता, कारणाचा नव्हता. आणि तिच्या शेजारी बसत असल्यामुळे पूर्ण वर्गात ते कारण ठाऊक असलेली मी एकटीच होते. "गुरुजी, तिचा एकच जोड आहे आणि तो वाळला नाही," हे एक वाक्य उठून बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. अर्धं सत्य लिहून मी शाबासकी घेतली.

गणवेश कशासाठी असतो? कुणाला आपल्या कपड्यांची लाज वाटू नये, म्हणून. त्याच नियमाने तिला सगळ्या शाळेसमोर लाज आणली. सगळे सारखे दिसावेत यासाठी लागणारी किंमत ज्याच्याकडे सर्वांत कमी असते, त्यालाच ती सर्वांत जड जाते. मला सारखं दिसायला काहीच खर्च आला नाही.

आपल्याच समाजातल्या एका घराने अशी किंमत स्वतः भरली होती. कुंभोजला जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र जेवायची. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. समता हवी, हे म्हणणारे खूप असतात. तिचं बिल कुणाच्या अंगावरून गेलं, हे बायकांना जास्त नीट दिसतं.

वडिलांनी वही दाखवल्यावर मला चैन पडेना. मी माझा दुसरा जोड घडी करून दप्तरात घातला. तिला द्यायचा म्हणून. आठ दिवस तो दप्तरात होता. रोज मधल्या सुट्टीत वाटायचं, आता देऊ. पण कसा देऊ? सगळ्यांदेखत दिला तर पुन्हा सगळ्यांना कळणार की तिच्याकडे नाही. हा माझा सुज्ञपणा होता की भित्रेपणा, ते मला अजून ठरवता येत नाही. नवव्या दिवशी आईने दप्तर आवरताना तो बाहेर काढून पुन्हा कपाटात ठेवला.

पुढे केव्हातरी मूळच्या लंडनच्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या जुन्या शाळेबद्दल वाचलं. 1552 साली अनाथ-गरीब मुलांसाठी ती सुरू झाली आणि त्यांना निळे लांब कोट दिले गेले. आज जगभर समतेची खूण मानला जाणारा शाळेचा गणवेश सुरुवातीला धर्मादायाची खूण होता. रस्त्यात पाहणाऱ्याला लगेच कळायचं, हे मूल दानावर वाढतं आहे. वाचताना मला आमच्या मंडळाचे फोटो आठवले. रांगेत उभी मुलं, हातात पाकिटं, मागे देणगीदारांच्या नावांचा फलक. आपण अंगावरचा कोट काढून घेतला आणि गळ्यात फोटो घातला.

सरकारी योजनेतही हे सगळं घडून गेलं आहे. समग्र शिक्षा योजनेत मुलामागे वर्षाला दोन गणवेश आणि त्यासाठी 600 रुपये, असा हिशेब आहे. पण महाराष्ट्रात कित्येक वर्षं ते सर्व मुलींना मिळत आणि मुलग्यांपैकी फक्त अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालच्यांना. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला फुकट, एकाला नाही, आणि दोघांनाही ते माहीत. उरलेल्या मुलग्यांना 2023 मध्ये त्यात घेतलं. मग संपूर्ण राज्याला एकच गणवेश द्यायचं ठरलं. 2024-25 मध्ये कपडे उशिरा आले, मापं चुकली, आणि डिसेंबर 2024 मध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं गेलं. या सगळ्या गोंधळात मला एक गोष्ट मात्र फार आवडते, तो 'दोन' हा आकडा. कुणीतरी दोरीवरचे कपडे पाहूनच तो लिहिला असणार.

ती दिवाळीनंतर शाळेत आली नाही. ड्रेसमुळेच शाळा सुटली असं म्हणणं खोटं होईल. पावसाळ्यानंतर पाड्यांवरची बरीच कुटुंबं कामाला बाहेर जायची, तिचंही गेलं असेल. पण शाळा सोडताना तिच्या मनात काय होतं, त्यात त्या व्हरांड्याचा वाटा किती होता, हे मी कधी विचारलं नाही.

आणि खरी बोच पुढेच आहे. त्याच पावसाळ्यात, ती अजून शाळेत असताना, पर्युषण आलं. संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर मी आईबरोबर गावातल्या सगळ्या जैन घरांत गेले. ज्यांच्याशी वर्षभरात माझं एक शब्दाचंही भांडण झालं नव्हतं, त्यांना हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणाले. सर्व जीवांची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी शाळेत तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिला काहीच म्हणाले नाही. क्षमा आपल्या घरांबाहेर मागायची असते, हे मला सुचलंच नाही. मैत्रिणींनो, आज तरी आपल्याला किती सुचतं?

पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. मुलं निम्मी झाली तरी चालतील, पण प्रत्येकाला दोन जोड द्यायचे, आणि लवकर वाळणाऱ्या कापडाचे. दुसरं म्हणजे पाकिटं मुख्याध्यापकांकडे द्यायची, वाटप त्यांनी करायचं, फोटो नको. पहिलीवर वाद झाला. "ज्यांना एकही मिळणार नाही त्यांना काय सांगणार?" असं त्याच मैत्रिणीने विचारलं. तिचंही खरं होतं, माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरीवर एक काकू म्हणाल्या, "फोटो पाहूनच पुढच्या वर्षी लोक पैसे देतात गं." त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं : जोड दोनच, कमी पडतील तेवढे आम्ही आणखी घरं फिरून जमवायचे. फोटो पाकिटांच्या ढिगाचा काढायचा, मुलांचा नाही.

यादी करायचं काम माझ्याकडे आलं आहे. नवी वही घेतली, रकाने आखले. नाव, इयत्ता, माप. मग थोडा वेळ थांबून चौथा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं : कारण.