पहिला झुरका कोण विकतो?

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर खरेदीची एक जुनी रीत आहे. काउंटरपलीकडच्या माणसाला अण्णा म्हणायचं, खिशात किती आहेत ते मोकळेपणानं सांगायचं आणि विचारायचं, "पहिल्यांदाच घेतोय, काय घेऊ ते तुम्हीच सांगा." पहिला मोबाइल, पहिलं घड्याळ, भावाच्या लग्नातला पहिला सूट, सगळं असंच घेतलं जातं. असं विचारताना गिऱ्हाइकानं आपलं अज्ञान कबूल केलेलं असतं, आणि त्याचा गैरफायदा घ्यायचा नाही हे दुकानदारानं न बोलता मान्य केलेलं असतं. पेठ टिकते ती या विश्वासावर.

आता हाच प्रश्न आपली मुलं व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, विचारू लागली आहेत. कधी मित्राला, कधी मोबाइलच्या पडद्याला. पहिलं किट कोणतं घ्यावं? पॉडचं, म्हणजे लिक्विडच्या छोट्या काडतुसाचं, की टाकीचं? निकोटिन किती टक्के? फ्लेवर कुठला? असं विचारणारा मुलगा वाईट नसतो. वस्तू पारखून घ्यावी, चार जणांना विचारावं, ही शिकवण आपणच त्याला दिली आहे. म्हणून त्याच्यावर खेकसू नये. त्याला उत्तर द्यावं, आणि खरं द्यावं. माझं उत्तर आहे, कुठलंच घेऊ नकोस. पण नुसत्या नकारानं काम भागत नाही. त्यामागची कारणं त्याला कळली पाहिजेत, आणि ही वस्तू त्याच्या हाती पोहोचवणाऱ्या मोठ्या माणसांनाही चार गोष्टी ऐकवल्या पाहिजेत.

आधी किट उघडून पाहू. आत एक लिथियम-आयन बॅटरी असते, तारेची किंवा जाळीची एक बारीक कॉइल असते, तिला लागून कापूस असतो आणि कापूस भिजवणारं लिक्विड असतं. झुरका घेतला की कॉइल तापते, लिक्विडचं धुकं होतं आणि ते छातीत उतरतं. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी रसायनं आणि निकोटिन असतं. सिगारेटच्या सवयीतून सुटण्यासाठी धडपडणाऱ्या होन लिक या चिनी औषधतज्ज्ञानं २००३च्या सुमारास या उपकरणाला आजचं रूप दिलं. यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे राख नाही आणि सिगारेटचं डांबर नाही. एवढं खरं आहे, ते मुलांपासून लपवू नये. लपवलं आणि त्यांना दुसरीकडून कळलं, तर आपल्या बाकीच्या बोलण्यावरही ती विश्वास ठेवणार नाहीत. पण ही नुसती पाण्याची वाफ आहे, हे खोटं आहे. त्या धुक्यात अतिसूक्ष्म कण असतात, फॉर्माल्डिहाइडसारखी रसायनं असतात, आणि तापलेल्या कॉइलमधून निकेल, शिसं असे धातूही त्यात उतरू शकतात.

खरी मेख निकोटिनच्या रूपात आहे. पूर्वीच्या लिक्विडमध्ये निकोटिन जास्त झालं की घशाला झोंबायचं, ठसका लागायचा. नवखा माणूस तिथेच थांबायचा. २०१५ मध्ये अमेरिकेत 'जूल' नावाचं पॉड आलं. त्यात बेन्झॉइक आम्ल मिसळून निकोटिनचे क्षार वापरले होते. झोंबणं गेलं, आणि पाच टक्के निकोटिन घशाखाली अलगद उतरू लागलं. एका पॉडमध्ये साधारण सिगारेटच्या एका पाकिटाइतकं निकोटिन आहे, असं कंपनीच सांगत असे. वर आंबा आणि पुदिन्याची चव. २०१९च्या पाहणीत अमेरिकेतल्या हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी मागच्या तीस दिवसांत ई-सिगारेट ओढल्याचं सांगितलं. २०२२ मध्ये मुलांना भुलवणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात या कंपनीनं तीसहून अधिक राज्यांना सुमारे ४४ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. त्याआधी, २०१८च्या डिसेंबरमध्ये, तिचा पस्तीस टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलर मोजून कुणी घेतला? अमेरिकेत मार्लबोरो विकणाऱ्या आल्ट्रियानं. सिगारेट विकणाऱ्यानंच सिगारेटवरच्या उताऱ्यात पैसे घातले, यावरून त्या उताऱ्याची जात ओळखावी.

म्हणून मुलांनो, हे नीट समजून घ्या. इतर कुठल्याही वस्तूत नवख्यासाठी सोपं म्हणजे कमी ताकदीचं, चुकलं तरी फारसं नुकसान न करणारं. या धंद्यात ते उलटं आहे. लहानसं, गोड, घशाला न लागणारं, बटणही दाबावं न लागणारं पॉड नवख्याला सुचवलं जातं, आणि बहुतेकदा निकोटिनची मात्रा सर्वांत जास्त असते ती त्यातच. निकोटिन फुफ्फुसातून काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात पडलेली सवय सोडवणं मोठ्या वयात लागलेल्या सवयीहून कठीण जातं. फ्लेवर तुम्ही निवडला, रंग तुम्ही निवडला असं तुम्हाला वाटतं, पण पुढचं पॉड कधी लागणार हे ठरवणं तुमच्या हातात राहत नाही.

कायद्याचंही पाहू. कर्नाटकानं जून २०१६ मध्येच राज्यात ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. केंद्राचा वटहुकूम १८ सप्टेंबर २०१९ला निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अख्खी वस्तू असो वा तिचा एखादा भाग, दोन्हींना कायदा लागू आहे. म्हणजे कॉइल वेगळी, पॉड वेगळं, लिक्विड वेगळं, अशी पळवाट ठेवलेली नाही.

तरीही देशातल्या शहरांत ही वस्तू मिळते. काउंटरखालून, ओळखीनं, कुरियरनं. मी कुणा एका दुकानाकडे बोट दाखवत नाही. कोप्पीकर रोडवर, ब्रॉडवेवर, दुर्गदबैलात पिढ्यान् पिढ्या सचोटीनं धंदा करणारी माणसं आहेत, आणि म्हणूनच मी त्यांच्याशी बोलतो आहे. चोरून येणाऱ्या लिक्विडच्या बाटलीवर तीन टक्के लिहिलं असेल, तर आत तीनच टक्के आहे हे कुणी तपासलं? अमेरिकेत २०१९-२०मध्ये व्हेपमुळे फुफ्फुसाला इजा होऊन २,८०७ जण इस्पितळात गेले किंवा दगावले. त्यांतल्या ६८ जणांचा मृत्यू झाला. ही इजा मुख्यतः गांजातल्या द्रव्याच्या, अनौपचारिक मार्गानं मिळवलेल्या काडतुसांतून झाली. त्यांत व्हिटॅमिन ई अॅसिटेट हे तेलकट रसायन भरलेलं होतं. साध्या निकोटिन-लिक्विडचा तो मुख्यतः दोष नव्हता, हेही सांगायला हवं. पण धडा सरळ आहे. ज्या मालाचा बाप कोण हे माहीत नाही, तो छातीत ओढायचा नसतो. आपल्याकडे तर असा सगळाच माल बिनबापाचा आहे. जो दुकानदार मोबाइलच्या चार्जरची हमी देतो, त्यानं ज्याची कसलीच हमी देता येत नाही ते गिऱ्हाइकाच्या पोराच्या हाती द्यावं, हे पेठेच्या धर्मात बसत नाही. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी स्वतःहून ठराव करावा, दुकानात पाटी लावावी आणि विकणारा आपल्यातला निघाला तर त्याला पाठीशी घालू नये. पोलिसांच्या छाप्याची वाट पाहत बसण्याचं कारण नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. ब्रिटनमध्ये सरकारच सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेपचं किट देतं. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं दहा लाख लोकांना अशी किट द्यायची योजना जाहीर केली. निकोटिनचं व्हेप वापरून सिगारेट सोडणाऱ्यांचं प्रमाण निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांपेक्षा जास्त दिसतं, हा कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. मी तो नाकारत नाही. पण तिथे ते किट समुपदेशनासोबत मिळतं, लिक्विडमध्ये मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमहून जास्त निकोटिन चालत नाही, अठराच्या आतल्याला ते विकता येत नाही, आणि सिगारेट न ओढणाऱ्यानं व्हेपला हात लावू नये हे तिथली आरोग्यसेवा स्पष्ट सांगते. एवढं करूनही मुलांच्या हातात जाऊ लागली म्हणून एकदा वापरून फेकायची व्हेप त्यांनी १ जून २०२५पासून बंद केली. हुबळीत मित्राच्या मित्राकडून पहिलं किट घेणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि वीस वर्षं रोज पाकीट संपवणारा लंडनचा कामगार, या दोघांना एकच औषध लागू पडत नाही. मुलाला मुळात रोगच नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. सिगारेट, विडी, जर्दा राजरोस विकायला परवानगी आणि व्हेपवर तेवढी बंदी, हा कुठला न्याय? या प्रश्नापुढे मान खाली घालावी लागते. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे, लावणारे जवळजवळ दुप्पट होते. आमच्या सीमाभागातल्या मराठी घरांना हे आकड्यांतून सांगायची गरज नाही. निपाणीची तंबाखू आमच्या बोलण्यात अभिमानानं येते. त्याच निपाणीत १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मागणारे शेतकरी महामार्गावर बसले, आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काही मारले गेले. तिथल्या वखारींत तंबाखूच्या धुळीत खोकत राबणाऱ्या बायकांचा लढा 'युगांतर' या गटानं १९८२च्या माहितीपटात टिपला. पिकवणाऱ्याचं रक्त, राबणाऱ्या बाईची छाती आणि खाणाऱ्याचा जबडा, एवढी किंमत या पानानं घेतली. हुबळीहून धारवाडला चिगरी बसनं जाताना नवनगर लागतं. तिथे कर्करोगाचं मोठं इस्पितळ आहे. आपल्या नात्यातलं कुणी ना कुणी तिथे जाऊन आलेलं असतं.

आणि तरी घरी आजोबांची चंची असते, आईची मिश्री असते, काका जेवणानंतर बार भरतात, बाबा गॅलरीत जाऊन सिगारेट पेटवतात. "पोरा, ते व्हेप वाईट" हे वाक्य याच तोंडांतून निघतं. मुलगा उलटून बोलत नाही, पण हिशेब करतो. घरातली तंबाखू संस्कृती आणि माझ्या हातातलं निकोटिन गुन्हा? हा दुटप्पीपणा मोडल्याशिवाय व्हेपविरुद्धची आपली कुठलीही मोहीम मुलांच्या मनापर्यंत पोहोचणार नाही. सिगारेट मोकळी आहे हे व्हेप मोकळं करण्याचं कारण होत नाही. ते सिगारेटवर आणि घरातल्या चंचीवर हात घालण्याचं कारण आहे.

शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांनाही एक विनवणी. दप्तरात किट सापडलं की मुलाला वर्गासमोर उभं करायचं, नाव काढून टाकायची धमकी द्यायची, हे थांबवा. कायद्याचा रोख बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर, साठवणाऱ्यावर आहे. झुरका घेण्याला त्यात वेगळी शिक्षा ठेवलेली नाही, आणि ते शहाणपणाचं आहे. सापडलेलं पोर हा या व्यवहारातला ठकवला गेलेला पक्ष आहे. कुठून आणलंस, हे त्याला धाक न दाखवता विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते पालकांसह पोलिसांपर्यंत न्या. मुलाला मात्र डॉक्टरकडे न्या. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे, तिथे मनोविकारतज्ज्ञ आहेत. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत व्यसनमुक्ती केंद्रांची तरतूद आहे. तंबाखू सोडायला मदत करणारा, सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. त्या सेवेची केंद्रं बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आहेत तशी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही आहेत.

सवय लागली असेल तर सुटते. पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, झोप उडते, मन लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत बरंच ओसरतं. हुक्की येते ती काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी प्यावं, चालून यावं, कुणाशी तरी बोलावं. मोठ्या माणसांसाठी दोन मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. ते साध्या च्युइंगमसारखं सतत चघळायचं नसतं. घशाशी चुणचुण जाणवली की गालात धरून ठेवायचं, ती गेली की पुन्हा चावायचं. मुलांना मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. ज्या घरात बाबांची सिगारेट आणि मुलाचं पॉड दोन्ही आहेत, त्या घरात सोडण्याची तारीख दोघांनी मिळून ठरवावी, आणि पाकिटावरच्या त्या मोफत क्रमांकावर पहिला फोन बाबांनी मुलासमोर बसून, स्वतःसाठी करावा.