कोंबडी कापण्यापूर्वी

नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत पाहुणा आला की खुराड्यातली कोंबडी धरली जाते. पोरांनी दाणे टाकून वाढवलेली ती कोंबडी पहिल्यांदा स्वतः कापताना हात थरथरतो. त्याला भित्रेपणा म्हणू नका. तेथे शील जागे होत असते.

पूर्वी मरीआईच्या नावाने कोंबडे कापले जाई. देवी मागते, एवढे कारण पुरे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी ती सबब संपवली. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही त्यांतच आहे.

मग मांस खाऊच नये काय? ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतला भेद दाखवला आहे. केवळ इच्छेपोटी केलेली हत्या बुद्धांना अमान्य होती. जीवक सुत्तानुसार, आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस भिक्खूला वर्ज्य आहे. म्हणून भंतेजींसाठी कोंबडी कापू नका, वरणभाकर वाढा.

इतर वेळी सुरी घेण्यापूर्वी घरात बसून विचारा: ही पोटाची नड आहे की जिभेची हौस? उत्तर प्रामाणिकपणे द्या आणि त्याप्रमाणे वागा.