अपरिग्रह कोणाचा? धर्मानंद कोसंबी आणि लेनिनग्राद

भिक्षूने स्वीकारलेला अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे काहीही आपले म्हणून न ठेवण्याचे व्रत, साऱ्या समाजाचे व्रत होऊ शकेल काय, आणि झालेच तर ते कोणाच्या बळावर, हा प्रश्न धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्या उत्तरायुष्यातील चिंतनाच्या मुळाशी आहे. गोव्यातील साखवाळ गावी जन्मलेले कोसंबी १८९९ मध्ये बुद्धाच्या शोधात घराबाहेर पडले आणि काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास करीत पाली भाषेचे पंडित झाले. त्यांच्या स्वतःच्या भूमीत मात्र बुद्धाची आठवण उरली नव्हती; डिचोली तालुक्यातील हरवळ्याची लेणी, जी मुळात बौद्ध असावीत असे काही अभ्यासक मानतात, लोकांच्या तोंडी पांडवांचीच आहेत.

१९२९ मध्ये ते पाली शिकवण्यासाठी सोव्हिएत रशियातील लेनिनग्रादला गेले. तेथे श्चेर्बात्स्की या बौद्ध न्यायशास्त्राच्या थोर अभ्यासकाचे वर्तुळ होते, आणि खासगी मालमत्ता मोडून काढणारी राज्यव्यवस्थाही होती. परतल्यावर ते १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले, त्यासाठी गोव्याच्या सीमेपलीकडील शिरोड्यालाही गेले आणि पुढे त्यांना तुरुंगवास घडला.

या दोन अनुभवांतून त्यांचा विचार घडला. जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चातुर्यामात, म्हणजे हिंसा, असत्य, चोरी आणि परिग्रह यांपासून दूर राहण्याच्या चार व्रतांत, एक व्रत दुसऱ्यावाचून टिकत नाही अशी त्यांची धारणा होती. म्हणून संपत्तीला हात न लावणारी अहिंसा त्यांना अपुरी वाटे आणि अहिंसेवाचूनचा समाजवाद धोक्याचा. तो धोका खराच होता. ज्या लेनिनग्रादमध्ये त्यांनी अध्यापन केले, तेथील बौद्ध विद्येचा तरुण पंडित आंद्रेई वोस्त्रिकोव याला १९३७ मध्ये त्याच राजवटीने गोळ्या घातल्या.

तरीही एक गाठ सुटत नाही. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे उपोषणाने कोसंबींनी देह ठेवला, तो स्वेच्छेने; स्वतःचे असे सोडता येते. पण ज्या जमीनदाराला आपली जमीन सोडायची नाही, त्याच्याकडून ती अहिंसेने कशी सोडवून घ्यायची? कोसंबींचा भर माणसाच्या प्रज्ञेवर, म्हणजे विचाराने जागृत होणाऱ्या विवेकावर होता, आणि ती जमीन कसणाऱ्या कुळांना जितका काळ वाट पाहता येईल, तितका त्या जागृतीला पुरेल की नाही, याचे उत्तर त्यांच्या मांडणीत सापडत नाही.